'टेक' म्हणजे नक्की काय घेणं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. चाकणच्या एका कारखान्यात आलेल्या सात चिनी इंजिनिअरांचा तुम्ही संध्याकाळी इंग्रजीचा क्लास घेता. त्यांतला एकजण ताप अंगावर काढून आला होता. तो म्हणाला, 'आय एट मेडिसिन.' तुम्ही सुधारलंत, 'टूक' म्हणा. त्यावर दुसऱ्याने मोबाइलवरचा शब्दकोश उघडून विचारलं, की 'टेक'चे एवढे अर्थ दिलेत, त्यांतला खरा कुठला आणि हा शब्द आला कुठून? तुम्ही बावीस अर्थांची यादी करून दिलीत. आठवड्यात सगळ्यांनी ती पाठ केली. आणि पुढच्या सोमवारी तोच माणूस पुन्हा म्हणाला, 'ईट मेडिसिन'.

पाठांतरात चिनी विद्यार्थ्यांचा हात कुणी धरणार नाही. लहानपणापासून हजारो अक्षरं घोटून वाढलेली ही माणसं आहेत. म्हणून यादी हरली, याचा दोष त्यांच्या स्मरणशक्तीकडे जात नाही. बावीस अर्थ म्हणजे त्यांच्या लेखी बावीस सुटे शब्द होते, ज्यांचं स्पेलिंग योगायोगाने एकच आहे. चीनमधल्या हांगचौ शहरात शिकवताना पहिली दोन वर्षं मीही अशाच याद्या वाटल्या. नंतर सोडून दिल्या. आज पंधराएक वर्षांच्या शिकवण्यानंतर मी 'टेक' एका चित्रापासून शिकवते: कुणीतरी हात पुढे करतं, मूठ मिटते, आणि वस्तू त्याच्या बाजूला येते. बाकीचे बहुतेक अर्थ याच हाताचे आहेत. आणि हा हात चिनी भाषेतही आहे. फक्त तो तुम्ही दाखवता त्या जागी नाही.

पुढे जाण्याआधी एक. चिनी शब्द मी कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिते आहे. पीनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीत, तिथे 'डी' किंवा 'बी' दिसेल, पण उच्चार आपल्या 'त' आणि 'प'च्या जवळचा असतो. स्वरांचे चढउतार मी फक्त गरज पडेल तिथे सांगेन.

तुमचे विद्यार्थी 'टेक' शब्द पहिल्यांदा शिकले तेव्हा त्यांच्या पुस्तकात त्याच्यासमोर 'ना' हा शब्द लिहिलेला असणार. 'ना' म्हणजे हाताने उचलणं, हातात धरणं. आजच्या अक्षरात वरच्या भागाचा अर्थ 'जुळणे, मिटणे', खालच्या भागाचा 'हात'. मिटलेला हात. अक्षर म्हणून सुंदर, पण व्यवहारात 'ना' फार शारीरिक शब्द आहे. पेला, किल्ली, छत्री यांच्यासाठी. बसला 'ना' लावता येत नाही, कारण बस हातात मावत नाही. चिनी माणूस बसमध्ये 'त्स्वो' म्हणजे 'बसतो', औषध 'छ्र' म्हणजे 'खातो', फोटो 'फाय' म्हणजे 'टिपतो', नोट्स 'ची' म्हणजे 'नोंदतो', परीक्षेत 'त्सान-च्या' म्हणजे 'सामील होतो'. प्रत्येक कामाला वेगळं आणि नेमकं क्रियापद. त्यांच्या बाजूने पाहिलं तर 'टेक अ बस', 'टेक मेडिसिन', 'टेक अ फोटो', 'टेक नोट्स', 'टेक अ टेस्ट' हे इंग्रजीचं आळशीपण वाटतं. एका विद्यार्थिनीने मला अगदी कळकळीने विचारलं होतं, की इंग्रजांकडे क्रियापदं कमी होती का?

आता तुमच्या बाजूचं. मराठी शिक्षकाला ही अडचण दिसतच नाही, कारण आपल्याकडे 'घेणे' आहे. भाग घेणे, काळजी घेणे, श्वास घेणे, शपथ घेणे, सूड घेणे, पुढाकार घेणे, दखल घेणे, जबाबदारी घेणे, औषध घेणे. यांतल्या प्रत्येकाला 'टेक' चपखल बसतं. त्यामुळे आपण म्हणतो, 'अहो, सोपं आहे, घेणे म्हणजे टेक.' आपल्याला सोपं आहे. त्यांना नाही. त्यांच्याकडे इतका पसरलेला 'घेणे' नाही.

आणि हाच 'घेणे' आपल्याला खड्ड्यातही घालतो. मराठीत शिक्षक परीक्षा घेतात आणि विद्यार्थी देतात. इंग्रजीत नेमकं उलट: शिक्षक 'गिव्ह' करतो, विद्यार्थी 'टेक' करतो. हांगचौच्या माझ्या पहिल्याच वर्गात मी फळ्यावर 'यू विल गिव्ह अ टेस्ट ऑन फ्रायडे' असं लिहिलं. वर्गातल्या अर्ध्या मुलींना वाटलं, शुक्रवारी त्यांनीच प्रश्नपत्रिका काढायची आहे. दोघींनी खरोखर काढून आणली, सुवाच्य अक्षरात, गुणांसकट. मला त्या दिवशी जी लाज वाटली तिने मला हा शब्द शिकवला. तुमचंच वाक्य बघा: 'मी क्लास घेतो.' हे तुम्ही 'आय टेक अ क्लास' असं सांगितलंत, तर आपल्या देशाबाहेरच्या बहुतेकांना वाटेल की तुम्ही विद्यार्थी म्हणून जाता. मुलाखत घेणे, भेट घेणे, शोध घेणे, नाव घेणे यांतल्या एकालाही 'टेक' लावू नका. आणि 'डोन्ट टेक टेन्शन' हे वाक्य तुमच्या तोंडून त्यांच्या वहीत गेलं असेल, तर उद्याच खोडून टाका. ते फक्त भारतात चालतं.

आता शब्द आला कुठून. तुमच्या इंजिनिअराने हा प्रश्न विचारला याचा मला फार आनंद झाला, कारण मोठ्या माणसांना शब्दाचा इतिहास कळला की शब्दाशी ओळख होते. लहान मुलांच्या वर्गात मी यात शिरत नाही.

'टेक' हा शब्द मूळचा इंग्लंडचा नाही. जुन्या इंग्रजीत 'घेणे'साठी 'निमन' होता. जर्मनमधल्या 'नेमेन'चा तो सख्खा भाऊ. पुण्यात जर्मन शिकलेले कितीतरी जण तो रोज वापरत असतील. 'टेक' आला समुद्रावरून. इ. स. 793 मध्ये उत्तर समुद्रातून आलेल्या दर्यावर्दी टोळ्यांनी लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला. पुढे 865 पासून डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या लोकांच्या मोठ्या फौजा उतरल्या आणि इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागात वस्ती करून राहिल्या. 1016 मध्ये तर कनूट हा डेन राजा साऱ्या इंग्लंडच्या गादीवर बसला. त्यांची भाषा नॉर्स. तिच्यात 'घेणे'साठी 'टाका' हा शब्द होता. शेजारी शेतं, एकत्र बाजार, लग्नसंबंध, अशा पिढ्यान् पिढ्यांच्या सहवासात 'टाका' इंग्रजी तोंडात बसला आणि अकराव्या शतकाच्या इंग्रजी लेखनात दिसू लागला. त्याच वाटेने 'एग', 'स्काय', 'नाइफ', 'विंडो', 'लॉ', 'हजबंड' आले. एवढंच काय, 'ते' या अर्थाचं 'दे' हे सर्वनामही आलं. जेत्यांकडून शब्द उसने घेणं आपल्याला नवं नाही, पण सर्वनाम उसनं घ्यायचं म्हणजे दोन समाज किती मिसळले असतील ते बघा.

'टाका'च्या मुळाशी घेण्याच्याही आधीचा अर्थ आहे: स्पर्श. चौथ्या शतकात गॉथिक या इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या जुन्या भाषेत बायबलचं भाषांतर झालं. त्यात याच कुळातला 'टेकान' सापडतो, आणि त्याचा अर्थ आहे शिवणं, हात लावणं. आधी बोट लागतं, मग मूठ मिटते. मी हे वर्गात टेबलावरच्या डब्यावर हात ठेवून दाखवते. स्पर्श, पकड, आपल्याकडे ओढणं. तीन हालचाली, एक शब्द.

बिचाऱ्या 'निमन'चं काय झालं? काही शतकं तो 'निम' रूपात टिकला, मग घसरत घसरत सतराव्या शतकाच्या आसपास चोरट्या हातचलाखीपुरता उरला. पण त्याचे दोन वंशज इंग्रजीत आजही रोज भेटतात. 'नम', म्हणजे बधिर. ज्याची संवेदना 'घेतली' गेली आहे तो अवयव. आणि 'निंबल', म्हणजे चपळ. मुळात झटकन घेणारा, चटकन उचलणारा. तुमचे इंजिनिअर हे ऐकून वहीत लिहितील, याची मला खात्री आहे.

इतिहासाचा एक रोकडा उपयोगही आहे. 'टेक, टूक, टेकन' ही रूपं त्यांना छळतात, कारण चिनी क्रियापद कधी बदलत नाही. भूतकाळातली गोष्ट असो की उद्याची, क्रियापद तेच. काम झालं हे सांगायला मागे एक छोटासा 'ल' जोडला की झालं. नॉर्समध्ये 'टाका'चं भूतकाळी रूप 'टोक' होतं. शब्द आला तो आपला आतला स्वरबदल बरोबर घेऊनच आला. इंग्रजीने तो 'शेक, शुक, शेकन' या घरच्या क्रियापदांच्या रांगेत बसवून टाकला. ही जोडी एकत्र पाठ करून घ्या.

पुढे 1066 मध्ये उत्तर फ्रान्समधले नॉर्मन लोक आले आणि काही शतकं इंग्लंडचा दरबार फ्रेंच बोलला. फ्रेंचमध्ये 'घेणे' या एकाच क्रियापदाने भाग, निरोप, आंघोळ, गाडी, फोटो सगळं 'घेतलं' जातं. इंग्रजीशी हे साम्य ठळक आहे, पण चिनी विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग नाही, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही.

मी रेंगाळते ते इथे. 'ना' बाजूला ठेवा आणि फळ्यावर दुसरं अक्षर काढा: 'छ्यू', तिसऱ्या, खाली जाऊन वर येणाऱ्या स्वरातला. डावीकडे कान, उजवीकडे हात. इ. स. 100 च्या सुमारास श्यू शन नावाच्या विद्वानाने चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश रचला. त्यात या अक्षराचा खुलासा आहे: पकडणे, आणि आधार म्हणून जुन्या ग्रंथातलं वाक्य, की पकडणाऱ्याने डावा कान घ्यावा. लढाईत किती मारले ते मोजण्यासाठी कान कापून आणायची रीत होती. एकीकडे उत्तर समुद्रावरचे लुटारू, दुसरीकडे प्राचीन चीनचे सैनिक. दोन्हीकडच्या 'घेणे' शब्दाला लढाईचा वास आहे. इंग्रजीत शहर जिंकणं म्हणजे आजही 'टेक अ सिटी'.

पण खरं मोल पुढे आहे. 'छ्यू' आज एकटा कमी फिरतो, जोडशब्दांत राहतो. आणि त्या जोडशब्दांपाशी इंग्रजीत 'टेक' उभा असतो. नमुना घेणे, 'टेक अ सॅम्पल', चिनीत 'छ्यू-यांग'. उपाययोजना करणे, 'टेक मेझर्स', चिनीत 'त्साय-छ्यू त्स्वो-श'. धडा घेणे, 'शी-छ्यू च्याओ-श्युन'. फोटोसाठी चौकट निवडणे 'छ्यू-चिंग', शब्दशः 'दृश्य घेणे'. इथे 'टेक अ फोटो'चं कोडं आपोआप सुटतं: कॅमेरा समोरच्या दृश्यातून काहीतरी उचलून आपल्याकडे आणतो. तुमचे विद्यार्थी इंजिनिअर आहेत. 'छ्यू-यांग' हा शब्द ते चाचणी विभागात दररोज उच्चारतात. 'टेक'शी त्यांची मैत्री या शब्दापासून सुरू करा, औषधापासून नव्हे.

दुसरं अक्षर, 'शोऊ'. वर एक हात, खाली एक हात, मध्ये देण्याघेण्याची वस्तू. अर्थ स्वीकारणे, आणि त्यातूनच सोसणे. 'आता सहन होत नाही' याला चिनीत 'शोऊ-पु-ल्याओ' म्हणतात, म्हणजे 'स्वीकारू न शकणे'. इंग्रजी वाक्य काय? 'आय कान्ट टेक इट.' हात तोच, वस्तू मात्र दुःख. हे जुळलं त्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका पन्नाशीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

तिसरं, 'पा'. मूळ अर्थ मुठीत धरणे. शतकांच्या वापरात तो झिजून व्याकरणाचा तुकडा बनला. कर्माच्या आधी येतो, आपल्या 'ला'सारखं काम करतो. 'मी त्याला शिक्षक समजलो' हे चिनीत 'पा' वापरून म्हणतात, 'त्याला धरून शिक्षक मानला' अशा थाटात. इंग्रजीत 'आय टुक हिम फॉर अ टीचर.' डोक्यातली समजूतसुद्धा दोघांनी हातानेच पकडली. आणि 'समजा माझंच उदाहरण घ्या' याला तर चिनीत तो बाजूला ठेवलेला 'ना'च परत येतो: 'ना वो लाय श्वो', मला घेऊन बोलायचं तर. 'टेक मी, फॉर एग्झाम्पल.' शब्दाला शब्द.

आता औषध. मी फळ्यावर दोन हात काढते, देणारा आणि घेणारा. डॉक्टर गोळ्या देतो, रुग्ण घेतो. शिक्षक परीक्षा देतो, विद्यार्थी घेतो. वक्ता भाषण देतो, ऐकणारा नोट्स घेतो. वडीलधारे सल्ला देतात, मुलगा घेतो किंवा घेत नाही. दुकानदार कार्ड घेतो का, हे विचारतानाही 'डू यू टेक कार्ड्स'. इंग्रजीत औषध तोंडातून पोटात जातं हे महत्त्वाचं नाही. ते कुणीतरी दिलं आणि आपण स्वीकारलं, हे महत्त्वाचं. 'ईट' म्हटलं की इंग्रजी कानाला जेवणाचं ताट दिसतं. चिनी 'छ्र'ला ती अडचण नाही, कारण तो शब्द फार ऐसपैस आहे. चिनी माणूस कष्ट 'खातो', तोटा 'खातो', आपण मार खातो तसा. हे त्यांना सांगून टाका: तुमचा 'छ्र' मोठा आहे, इंग्रजीचा 'ईट' लहान आहे. 'ईट मेडिसिन' चुकतं ते 'टेक'मुळे नाही, 'ईट'मुळे.

बसचं तसंच. 'त्स्वो' म्हणजे बसणं, ती शरीराची स्थिती. 'टेक द बस' म्हणताना इंग्रजी माणूस निवडीबद्दल बोलतो: रिक्षा होती, मेट्रो होती, मी बस घेतली. उभ्याने गेला तरी 'टेक'च. 'टेक द सेकंड लेफ्ट' मध्येही तेच. समोर रस्ते आहेत, त्यांतला एक उचल.

यानंतर एक गट येतो ज्याला वेगळा तास द्या: 'टेक अ लुक', 'टेक अ वॉक', 'टेक अ शॉवर', 'टेक अ ब्रेक'. इथे हातात काहीच येत नाही. मी बराच काळ इथे ओढूनताणून मूठ दाखवत असे. ती चूक होती. इथे 'टेक' जवळजवळ रिकामा आहे. खरं काम पुढचा शब्द करतो, आणि 'अ' सांगतो की काम एकदाच, थोडंसं, आटोपशीर आहे. हे सांगायला चिनीत फार गोड सोय आहे. 'खान' म्हणजे बघणं, 'खान इ खान' म्हणजे जरा बघ, शब्दशः 'बघ एक बघ'. 'टेक अ लुक'. आणि 'शी-त्साओ', आंघोळ करणं, हा शब्द मध्येच चिरून त्यात 'कऽ' घालतात, 'शी कऽ त्साओ'. हा 'कऽ' म्हणजे 'एक नग' दाखवणारा शब्द. इंग्रजीतला 'अ' त्याच जागी बसलाय. चिनी विद्यार्थी 'टेक शॉवर' म्हणत 'अ' गाळतात, तेव्हा मी फक्त 'कऽ' म्हणते. लगेच सुधारतात. ब्रिटनमध्ये इथे बहुधा 'हॅव अ शॉवर' ऐकू येईल. तेवढं सांगून पुढे जा.

कुणी अजूनही कुरकुरला, की एका शब्दाने इतकी कामं का करावीत, तर त्याला त्याच्याच भाषेतला 'ता' आठवून द्या. 'ता' म्हणजे मारणे, ठोकणे. पण चिनी माणूस फोन 'मारतो', टॅक्सी 'मारतो', छत्री 'मारतो', स्वेटरही 'मारतो', म्हणजे विणतो. अकराव्या शतकातला मोठा लेखक ओऊयांग श्यू, जन्म 1007, मृत्यू 1072, याने याच शब्दाबद्दल लिहून ठेवलंय: लोक नाव बांधायला 'ता' म्हणतात, मासे धरायला 'ता', पाणी शेंदायला 'ता', छत्री धरायला 'ता', जमीन मोजायलाही 'ता', हे कसं? ज्या शतकात 'टेक' इंग्रजी लेखनात शिरत होता, त्याच शतकात एक चिनी पंडित आपल्या भाषेतल्या अशाच ऐसपैस शब्दाने हैराण झाला होता. मला ही गोष्ट वर्गात सांगताना दर वेळी नव्याने बरं वाटतं. आणि तुम्ही त्यात आपला 'मारणे' घाला: हाक, उडी, गाठ, मिठी, शिट्टी, गप्पा, झाडू, चक्कर. सायकलला पंपसुद्धा आपण मारतोच. तीन भाषांचे लोक एका टेबलाशी बसल्यासारखे होतात.

'टेक'ला शेपट्या लागतात तेव्हा घाबरू नका. 'टेक अवे', 'टेक आउट', 'टेक डाउन', 'टेक बॅक'. चिनीत क्रियापदाला दिशा चिकटवण्याची यंत्रणा इंग्रजीपेक्षा पक्की आहे. 'ना-त्सोऊ', घेऊन जाणे. 'ना-छू-लाय', बाहेर काढणे. 'ना-श्या-लाय', खाली काढणे. फरक एवढाच, की वस्तू बोलणाऱ्याकडे येते की त्याच्यापासून दूर जाते हे चिनी शेपटीतच सांगतात: 'लाय' म्हणजे ये, आणि उतरत्या स्वरातला 'छ्यू' म्हणजे जा. कान आणि हाताचा 'छ्यू' वेगळा, गल्लत करू नका. इंग्रजीने हाच फरक दोन क्रियापदांत वाटला. 'ताय-लाय' ते 'ब्रिंग', 'ताय-छ्यू' ते 'टेक'. आपलं 'घेऊन ये' आणि 'घेऊन जा'. हे त्यांना अर्ध्या मिनिटात कळेल.

'टेक ऑफ'साठी 'ऑफ' शिकवा, म्हणजे पृष्ठभागापासून सुटणं. पायापासून बूट, धावपट्टीपासून विमान, कामाच्या आठवड्यापासून एक दिवस. 'टेक ओव्हर', 'टेक ऑन' यांत भार आपल्यावर येतो, तेही चित्रात दाखवता येतं. पण 'टेक आफ्टर', आईवडिलांसारखं दिसणं, किंवा 'टेकन इन', फसवलं जाणं, इथे चित्र ताणू नका. सरळ सांगा, हे पाठ करा. विद्यार्थ्याला प्रत्येक गोष्टीचं कारण द्यायच्या हट्टापायी शिक्षक खोटी कारणं रचू लागतो, आणि ते मी पाहिलं आहे.

शेवटी तुमच्या तिसऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न, 'इट टेक्स मी टू आवर्स' मधला 'इट' कोण? हे वाक्य चीनमधल्या माध्यमिक शाळेत सूत्रासारखं घोकून घेतात, शिवाय 'स्पेंड', 'कॉस्ट', 'टेक' आणि 'पे' यांतला फरक परीक्षेत हमखास विचारतात, कारण चारही जागी चिनीत एकच 'ह्वा' चालतो. 'ह्वा' म्हणजे खर्च करणं, आणि तेच अक्षर फुलासाठीही. चिनीत खर्च करणारा बहुधा माणूस: मी दोन तास खर्चले. म्हणून घाईत त्यांच्या तोंडून 'आय कॉस्ट टू आवर्स' निघतं. त्यांना पुन्हा हात दाखवा, पण या वेळी हात कामाचा. काम माझ्या खिशात हात घालतं आणि दोन तास काढून घेतं. 'इट' म्हणजे ते काम, जे पुढे 'टू' लावून सांगितलं जातं. माणूस 'स्पेंड' आणि 'पे' करतो, वस्तू 'कॉस्ट' होते, काम 'टेक' करतं. इथे मराठी तुमच्या मदतीला येते. आपण 'मला दोन तास लागले' म्हणतो, म्हणजे कर्ता मी नाही, मी 'मला' झालोय, अगदी 'इट टूक मी'सारखा. ही रचना तुमच्या जिभेवर आयती आहे, म्हणून बोलताना तुम्ही तिथे चुकणार नाही आणि ते तुमचं ऐकून शिकतील.

सोमवारी यादी परत मागू नका. सातही जणांना यंत्रापाशी उभं करा आणि दिवसभरात केलेल्या कामाबद्दल दोन-दोन वाक्यं बोलायला सांगा. पहिलं वाक्य तुम्ही द्या: 'वी टुक अ सॅम्पल अ‍ॅट टेन. इट टुक अस ट्वेंटी मिनिट्स.' दोन्ही 'टुक'मध्ये हात कुणाचा, हे त्यांना विचारा. ताप येऊन गेलेल्या त्या गृहस्थांना शेवटी बोलू द्या, आणि त्यांच्या आधी 'द डॉक्टर गेव्ह मी सम टॅब्लेट्स' एवढं वाक्य फळ्यावर लिहून ठेवा. पुढचं वाक्य ते स्वतः म्हणतील.